चार कॉटची खोली

करार एकतीस डिसेंबरला संपत होता आणि मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. मधल्या तीन महिन्यांचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता. ज्यांची स्वतःची घरं आहेत त्यांना तो प्रश्न वाटणारही नाही. मला मात्र त्या वर्षी दुसरं काही सुचत नव्हतं. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, कॉलेजच्या काउंटरवर पोरांचे अर्ज तपासताना डोक्यात तेच तीन महिने असायचे.

घरात आम्ही दोघीच. नवरा आणि मी वेगळे झालो तेव्हा मुलगी पाचवीत होती. मुळशीतल्या एका खासगी कॉलेजात ऑफिसची नोकरी मिळाली म्हणून मी तिला घेऊन लातूरहून इकडे आले. पाच वर्षांत चार घरं झाली. आधी सूसला एका सोसायटीत, पण मालकाचा मुलगा परदेशातून परत आला. मग नांदे गावात, तर तिथल्या मालकांनी जागाच बिल्डरला दिली. मग भरे गावात दोन खोल्या मिळाल्या, त्या कंपनीतल्या सहा पोरांनी जास्त भाडं देऊन पटकावल्या. दर वेळी कारण नवीन असायचं, आणि मालकांना दर वेळी फार वाईट वाटायचं. टेम्पोवाला मात्र एकच होता. तो आता सामान किती हे विचारतही नाही. 'गॅस आधी काढून ठेवा ताई' एवढंच म्हणतो.

चौथी जागा कॉलेजच्या टेकडीखालच्या गावात. फेब्रुवारीत राहायला आलो, अकरा महिन्यांचा करार केला, आणि तेव्हा आनंदाच्या भरात बोटांवर महिने मोजायचं राहून गेलं. डिसेंबर आणि मार्च यांच्यातली फट जूनमध्ये लक्षात आली. शाळेच्या पालकसभेत बाईंनी फळ्यावर परीक्षेचा महिना लिहिला आणि मी बोटांवर महिने मोजले. जवळपास दुसरी खोली परवडणारी नव्हती. स्वस्त जागा पौडच्याही पुढे, आणि तिकडून सकाळच्या शाळेला वेळेत पोचवणारी बस नाही.

त्या गल्लीत सगळ्या घरांवर एकच आडनाव होतं. पूर्वी इथं भातखाचरं होती म्हणे. आता प्रत्येक खाचरात एकेक तीन मजली इमारत उभी आहे, आणि प्रत्येक इमारतीच्या दारात वीस-पंचवीस गाड्या. 'फक्त मुलींसाठी', 'बॅचलर चालतील', 'कॉट बेसिसवर मिळेल' अशा पाट्या. एका गोठ्यावरसुद्धा 'रूम खाली आहे' असं लिहिलेलं मी वाचलं आहे, आणि ते खरंच होतं, गोठ्याच्या अर्ध्या भागाला भिंत घालून आत दोन मुलं राहत होती. खाली झेरॉक्स, मेस, चहा, पुन्हा झेरॉक्स. दिवसभर कुणीतरी मोबाइलवर ओरडत असतं, "भैया, मंदिर के सामने से अंदर आओ." मंदिरं तीन आहेत.

विद्यार्थ्यांमध्ये राहणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, पाणी. तेवढंच पुरे. टाकीतलं पाणी संपलेलं असताना पोरं नळ उघडून बघतात, येत नाही म्हणून तसाच सोडून कॉलेजला जातात. मग मोटर लागते, टाकी भरते, आणि बंद खोलीतल्या उघड्या नळानं दुपारपर्यंत रिकामी होते. माझ्याकडे चार बादल्या होत्या आणि त्या सतत भरलेल्या असायच्या. जिन्यात मेसचे डबे, त्यावर मुंग्या. कठड्यावर वाळत घातलेले कपडे आमच्या दारात पडायचे, ते मी उचलून पायरीवर ठेवायचे, ते तिथेच आठवडाभर राहायचे. कुणी वाईट नव्हतं. दिसले की 'हाय काकू' म्हणायचे. पण जूनमध्ये नवे काकू म्हणणारे आले, आणि नळाचं मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी शेवटी तर सांगायचंही सोडून दिलं.

गंमत अशी की हे सगळे माझ्याच काउंटरवरून यायचे. प्रवेशाच्या दिवसांत आईबाप गादीची वळकटी काखेत घेऊन उभे असतात आणि विचारतात, "मॅडम, जवळपास चांगली खोली मिळेल का?" मी त्यांना गल्ल्या सांगते. म्हणजे माझ्या घराचं भाडं मी माझ्या तोंडानं वाढवत होते आणि वर त्याचा पगार घेत होते. हे कळत असूनही सांगायचे. त्या बापांचे चेहरे बघून गप्प बसवत नाही.

आमची घरमालकीण सत्तरीच्या पुढची होती. मी तिला मावशी म्हणायचे. इमारत मुलानं बांधलेली, तळमजल्यावर ती, मुलगा आणि सून राहायचे, आणि त्यांच्या शेजारची खोली आमची. इमारतीच्या मागे पत्र्याखाली मावशीची एक म्हैस होती. वास येतो म्हणून पोरं तक्रार करायची, मुलगाही म्हशीच्या मागे लागला होता, कारण तेवढ्या जागेत आठ गाड्या बसल्या असत्या. मावशी कुणाला बधायची नाही. "तुमचं शिक्शान दोन वर्साचं, माझी म्हस बारा वर्सं हितं हाय," असं ती पोरांना सुनवायची. पोरं हसायची. हसत हसत म्हशीचे फोटो काढायची.

मला तिचं बोलणं आवडायचं. ती तोंडाची फटकळ होती, पण तिच्या बोलण्यात भाडेकरू आणि मालक असं काही नसायचं. कुठून आलीस, नवरा कुठं, का सोडलास, सगळं तिनं पहिल्या आठवड्यात सरळ विचारून घेतलं, आणि ऐकल्यावर म्हणाली, "बरं केलंस." पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दसऱ्याच्या आसपास एकदा ती पायरीवर लसूण सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि धीर करून कराराचं बोलले. तिनं मान वर न करता ऐकलं.

"धावीची परीक्षा मार्चात, आन् कागुद डिसेंबरात संपतुया. एवढंच न्हवं?"

"एवढंच, मावशी."

"मग एवढं तोंड पाडून कशाला सांगतीस? कागुद आपुनच केला, आपुनच वाढवू. पोरीला म्हणावं मन लावून अभ्यास कर. मी सांगते पोराला."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी मुलीला बाजारातून नवा टेबललॅम्प आणून दिला. उधळपट्टी होती ती, पण तेव्हा वाटलं की आता मार्चपर्यंत तो एकाच टेबलावर राहणार. मुलीनं विचारलं, "नक्की ना, आई?" मी म्हणाले, नक्की.

मावशीनं मुलाला सांगितलं का, हे मी विचारलं नाही. एकदा शब्द दिल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. तीन घरं बदलूनही माझं डोकं ठिकाणावर आलं नव्हतं, दुसरं काय.

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मावशी गेली. सकाळी धार काढून आली, चहा घेतला, जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. मी मुलीचा डबा भरत होते. भिंतीपलीकडून सुनेचा आवाज आला, आणि तो आवाज कसला हे लगेच कळलं. डबा हातात तसाच राहिला. आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मावशी गेली हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो खोलीचा. तिनं पोराला सांगितलं असेल का? रडू नंतर आलं. ते खरंच होतं, पण नंतर आलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुपारी अंत्यविधी झाला. सगळी गल्ली एकाच भावकीची, त्यामुळे सगळ्यांनाच सुतक. त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटणार नव्हती. अशा वेळी दुसऱ्या भावकीतल्या शेजारणी पिठलं-भाकरी करून आणतात, आमच्या लातूरकडेही तीच रीत. पण या गल्लीत दुसऱ्या भावकीची म्हणावीत अशी माणसं उरली होती ती फक्त आम्ही, भाडेकरू. मावशीची एक म्हातारी जाऊ माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, तुमी भायेरच्या. तुमाला सुतक न्हाई. घरात लेकरं हायेत सकाळपासनं उपाशी. कायतरी बघा."

मी पीठ मळायला घेतलं. पन्नास भाकऱ्या एकटीनं होणं शक्य नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मुलींना हाक मारली, तेव्हा एकच खाली आली. ती इंदूरची, एमबीए करणारी, मराठी समजायची पण बोलायची हिंदीत. भाकरी तिला येत नव्हती, म्हणून मी तिला पिठल्याचं बेसन कालवायला लावलं. तिनं ते मन लावून केलं, आणि मग मला न सांगता वर जाऊन स्वतःच्या शेगडीवर पातेलंभर शिरा करून आणला. भरपूर तूप, बेदाणे, वर बदामाचे काप.

"सब सुबह से रो रहे हैं, काकू. मीठे से ताकत आती है."

मी काही बोलायच्या आत ती पातेलं घेऊन मालकांच्या दारात पोचलीसुद्धा. सुनेनं मान फिरवली. म्हातारी जाऊ पातेल्यात बघून म्हणाली, "गोड तेराव्याला असतंय, पोरी. आज कुटं संपलं?"

पोरीला गावाकडची बोली कळली नाही, पण आपलं काहीतरी चुकलं हे कळलं. ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. मी पुढे होऊन ते तिच्या हातातून घेतलं आणि आमच्या खोलीत आणलं. संध्याकाळी मालकांची लहान मुलं आमच्याकडे येऊन गपचूप शिरा खाऊन गेली. त्यांना कुणी हटकलं नाही.

पुढचे दहा दिवस मी रोज भाकऱ्या थापल्या. रोज सुनेच्या हातात टोपली देताना वाटायचं, आज विचारावं. पण सुतकात खोलीचं कसं विचारणार? घरात माणसं बसलेली, मुलगा जमिनीवर कांबळं टाकून बसलेला. त्यानं एकदा वर बघून म्हटलं, "ताई, तुमचे लई उपकार झाले." माझी विचारायची हिंमत तिथेच संपली. उलट एक हिशेबी विचार मनात आला की या भाकऱ्यांची आठवण तरी तो ठेवेल. मग त्या विचाराचाही राग आला. थकलेलं माणूस मनानं किती बारीक होत जातं, ते मी त्या दहा दिवसांत स्वतःतच पाहिलं.

मुलगी दिव्याखाली पूर्वपरीक्षेचा अभ्यास करायची. एकदा पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "आजींनी सांगितलं होतं ना त्यांना?" मी म्हणाले, सांगितलं असेल. ती म्हणाली, "असेल?" मी तिला भूगोल कर म्हणाले.

दहाव्याला सकाळी नदीच्या घाटावर गेलो. मी कॉलेजमधून दोन तासांची सवलत घेतली होती. इंदूरची पोरगीही माझ्याबरोबर आली. घाटावर मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. प्रवचन झालं, मग गावातल्या पुढाऱ्यांनी एकामागून एक श्रद्धांजली वाहिली. त्यातल्या दोघांनी मावशीला कधी पाहिलंही नसावं. मग पिंड ठेवले. बाजूला द्रोणात मावशीला आवडणाऱ्या गोष्टी मांडल्या: चहा, मिसरी, कांद्याची भजी. सगळे मागे सरकून उभे राहिले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळे होते. समोरच्या उंबरावर चार-पाच बसले होते. खाली मात्र एकही येईना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. लोक कुजबुजायला लागले की म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय. मग रीतीप्रमाणे घरच्यांनी हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगा पुढे झाला. "आये, भनीचं माहेर तुटू देणार न्हाई." कावळा हलला नाही. सून म्हणाली, "तुमच्या नातीला लई शिकवू." काही नाही. म्हातारी जाऊ ओरडली, "देवीचा नवस फेडतेत गं पोरं, ये खाली!" काही नाही.

मी बायकांच्या रांगेत उभी होते. मला वाटत होतं की आता कुणीतरी म्हणेल, त्या भाडेकरू बाईला दिलेला शब्द पाळू. तिनं सांगितलं असेल तर मुलाला आता आठवेल. सांगितलं नसेल तर? तर मीच का बोलू नये? इथं कुणीही बोलू शकतं, शेजारपाजारचेही बोलत होते. 'मावशी, माझ्या मुलीची परीक्षा होऊ दे म्हणाला होतात,' एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण भाडेकरणीनं मेलेल्या बाईच्या पिंडापाशी आपली मुदतवाढ मागायची, हे मला जमेना. मी मनात म्हणत होते, अजून येऊ नकोस रे कावळ्या, थोडं थांब, कुणाला तरी आठवू दे.

मग मुलगा कंटाळून, जवळजवळ चिडून म्हणाला, "बरं बाई, तुझी म्हस न्हाई इकणार!"

आणि कावळा आला. एक सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली, भजी उचलली आणि गेला. लोक रडता रडता हसले. "म्हशीत अडकला हुता जीव," कुणीतरी म्हणालं. मुलगा डोळे पुसत होता. सगळा घाट सुटल्यासारखा झाला आणि जो तो चपला शोधायला लागला. तिथं कावळ्यावर चिडलेली मी एकटीच होते. म्हशीला जागा मिळाली होती. इंदूरची पोरगी माझ्याकडे बघून विचारत होती, "काकू, आप क्यों रो रही हैं? अब तो आ गया ना?"

तेरावं झालं, गोड जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मालकांच्या दारात गेले. मुलगा डोकं बोडलेला, ओट्यावर बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: दसरा, लसूण, 'मी सांगते पोराला'. तो ऐकत राहिला. सून दारात येऊन उभी राहिली.

"आईनं आमाला काय सांगितलं न्हाई," तो म्हणाला. मग घाईनं, "तुमी खोटं बोलताय असं न्हाई म्हणत मी, ताई. ती बोलली आसंल. तिच्या ध्यानातनं गेलं आसंल."

"मग?"

"मग काय, मी बी शब्द देऊन बसलोय. जानेवारीला पोरी येणार हायेत. चार कॉट टाकायच्या ठरल्यात त्या खोलीत. त्यांच्या आईबापांशी फोनवर बोलणं झालंय." तो खाली बघत बोलत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. तो आला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो माणूस गेले कितीतरी दिवस सगळ्यांना हो म्हणत आला होता, आणि मी त्याच्याकडे एक होकार जास्तीचा मागत होते.

सून म्हणाली, "अवो, त्यातल्या दोन पोरींचं अजून पक्कं न्हाई. ह्यांनाच दोन कॉट द्या की."

मुलाचा चेहरा उजळला. "हां, ते जमंल! ताई, दोन कॉट घ्या तुमी. खोली तीच, हलायचं न्हाई, सामान बांधायचं न्हाई. पोरीची परीक्षा झाली की मग बघू."

तो मनापासून बोलत होता, माझ्यावर खरोखर मेहेरबानी करत होता. आणि मी एका क्षणात हो म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. घरी येऊन मुलीला सांगितलं, "इथंच राहायचंय." ती खुर्चीतून उठून मला बिलगली. मग मी बाकीचं सांगितलं. तिनं हळूच हात सोडले आणि विचारलं, "म्हणजे दुसऱ्या मुली पण इथंच?"

जानेवारीत आमचा पलंग, कपाट आणि गॅस टेम्पोनं माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या गच्चीवर गेला. त्या जागी चार लोखंडी कॉट आल्या. कॉट घेणाऱ्यांना स्वयंपाक करायला परवानगी नव्हती, त्यामुळे ओट्यावर फक्त चहाची किटली राहिली. दहावीतली माझी मुलगी मेसचा डबा खाऊ लागली. तिसऱ्या कॉटवर ठरलेली मुलगी आलीच नाही, तिथं इंदूरची पोरगी आली, तिच्या वरच्या खोलीतल्या मुलींशी तिचं फाटलं होतं. चौथ्या कॉटवर नागपूरची एक अबोल मुलगी आली, ती सदा हेडफोन लावून असायची. आणि पहिल्या कॉटवर चव्वेचाळीस वर्षांची मी. पायाशी बॅग, उशाखाली पाकीट. सकाळी बाथरूमसाठी दाराबाहेर टॉवेल खांद्यावर घेऊन उभी राहायचे. कॉलेजात ज्यांना मी 'रांगेत या' म्हणून दटावते, त्यांच्याच वयाच्या मुलींच्या मागे माझा नंबर चौथा.

मुली चांगल्या वागल्या, हेही सांगायला हवं. माझ्या मुलीला अभ्यास करता यावा म्हणून त्या फोन घेऊन बाहेर जायच्या. इंदूरची तिला इंग्रजी शिकवायची, आणि माझ्या मुलीची तिच्याशी अशी गट्टी जमली की मला बरं वाटावं की वाईट, ते कळेना. दोघी एकमेकींच्या कॉटवर बसून तासन्‌तास बोलायच्या. मुलगी तिला दीदी म्हणायची. आधी तिला काही विचारायचं असलं की ती माझ्याकडे यायची. आता मी कॉलेजातून आले की ती मान वर करून 'आलीस?' म्हणायची आणि पुन्हा पुस्तकात जायची. मी कॉटवर आडवी व्हायचे. पाठ भिंतीकडे करून पडलं की मला जरा एकटं वाटायचं, आणि तेवढंच एकटेपण त्या खोलीत मिळत होतं. कुणाशी भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मार्च, एवढा एकच शब्द मनात ठेवून मी दिवस ढकलले.

परीक्षा झाली. एकही पेपर बुडाला नाही, एकाही पेपरला उशीर झाला नाही. शेवटचा पेपर होता त्या दिवशी मी अर्धी रजा काढून पिरंगुटला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती हसत बाहेर आली. "बरा गेला," म्हणाली. आम्ही समोरच्या रसवंतीत बसलो. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघीच कुठेतरी बसलो होतो. मला एकदम मोकळं वाटलं. वाटलं, जमवलं आपण. तेरा महिने एका जागी. दहावीच्या वर्षात आम्हाला कुठेच हलावं लागलं नव्हतं.

मी म्हणाले, "आता निवांत दुसरी जागा बघू. दोन खोल्यांची. तुला खिडकी असलेली."

ती ग्लासातला बर्फ हलवत होती. म्हणाली, "आई, अकरावीला मला हॉस्टेलला ठेवशील?"

"हॉस्टेलला? कशाला? घरी काय कमी आहे?" घर हा शब्द माझ्याच तोंडून निघाला आणि माझ्याच कानाला टोचला.

तिला तो टोचला नसावा. ती समजावल्यासारखं बोलत होती, बरेच दिवस मनात घोळवलेलं. "तिथं एकदा अ‍ॅडमिशन घेतली की दोन वर्षं तीच खोली असते. मी दीदीला सगळं विचारलंय. मध्येच कुणी काढत नाही. मार्कांवर फी पण कमी होते."

"आणि मी?"

या प्रश्नाचाही तिनं विचार करून ठेवला होता. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "तुझी काळजीच नाही गं. तुला एकटीला एक कॉट कुठेही मिळेल."

ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. ती माझी सोय लावत होती.